चित्रं बघायला देवळात

सोमवार

नोव्हेंबरात व्हेनिसला जाऊ नका, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. धुकं असतं, थंडी असते, रस्त्यात गुडघाभर पाणी असतं. धुकं आणि थंडी होतीच. पाणी मात्र नव्हतं. 2020पासून लगूनच्या, म्हणजे शहराभोवतीच्या उथळ खाडीच्या, तोंडाशी पोलादी दरवाजे काम करू लागले आहेत, मोठी भरती येणार असली की ते पाण्याखालून वर उचलतात. उलट हॉटेलं स्वस्त मिळाली आणि देवळं रिकामी.

सोबत माझी वसईची मैत्रीण. तिच्या गावाकडे चर्चला देऊळच म्हणतात, आणि तिच्या नादाने मीही म्हणायला लागले आहे. देवळं बघायची यावर आमचं एकमत होतं, कशासाठी यावर नव्हतं. मला टिशियन आणि बेलिनी, इथले पंधराव्या-सोळाव्या शतकातले चित्रकार, बघायचे होते. तिला 21 नोव्हेंबरचा सालूतेचा, म्हणजे इथल्या मरियेच्या एका देवळाचा, सण गाठायचा होता. गोंडोला आणि काचेचे कारखाने दोघींनी मिळून आधीच खोडून टाकले.

सामान टाकलं, वापोरेत्तो म्हणजे इथली पाण्यावरची बस पकडली आणि सान तोमाला उतरलो. एका वेळचं तिकीट साडेनऊ युरो. पास काढा, नाहीतर बोटभाड्यातच जेवणाचे पैसे जातील. धक्क्यापासून दोन-तीन गल्ल्या वळलं की विटांची एक प्रचंड भिंत समोर उभी राहते. हे सांता मारिया ग्लोरिओझा देई फ्रारी, फ्रान्सिस्कन बंधूंचं देऊळ. आत्ताची इमारत चौदाव्या शतकात उभी राहू लागली, अभिषेक झाला 1492 साली. भिक्षेवर जगायचं व्रत घेतलेल्यांचं देऊळ, म्हणून बाहेरून नक्षी जेमतेम. मैत्रीण दारातच म्हणाली, "आमचे गोन्सालो गार्सियाही फ्रान्सिस्कनच गं." वसईत जन्मलेला आणि 1597 साली जपानात नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झालेला हा संत. म्हणजे तिच्या हिशेबाने ती माहेरीच आली होती.

आत शिरलं की नजर सरळ पुढे जाते. देऊळ सुमारे शंभर मीटर लांब. मधोमध बंधूंनी प्रार्थनेला बसायची जागा, 124 कोरीव लाकडी आसनं, आणि त्यांच्या अलीकडे कमान असलेली संगमरवरी आडभिंत, 1475ची. इटलीतल्या बहुतेक देवळांमधून अशा भिंती पुढे काढून टाकल्या, इथली राहिली. सभामंडपातून गाभाऱ्याच्या चौकटीत मूर्ती दिसावी तशी त्या कमानीतून अगदी पार टोकाला लाल झग्यातली एक बाई हात वर करून उभी दिसते. टिशियनचं 'आस्सुंता', मरियेचं स्वर्गोन्नयन.

पुस्तकात हे चित्र भडक दिसतं. दिसणारच. वेदीमागे उंच गॉथिक खिडक्या आहेत आणि दिवसा त्यांतला उजेड थेट बघणाऱ्याच्या डोळ्यावर येतो. अशा उलट्या उजेडात, इतक्या लांबून, नाजूकसाजूक काम विरघळून जाईल. टिशियन तेव्हा तिशीच्या आतबाहेरचा. 1516 साली त्याला काम मिळालं, 1518च्या मे महिन्यात चित्र लोकांसमोर आलं. लाकडी फळ्यांवर रंगवलेलं, उंची जवळपास सात मीटर. खाली प्रेषितांची, म्हणजे येशूच्या शिष्यांची, सावळी, हलती गर्दी; मध्ये निळ्या आकाशाची एक पट्टी; वर सोनेरी उजेडाचा गोल आणि त्यात मरिया. लाल रंग त्याने मोजून वापरला आहे: खाली दोन प्रेषितांच्या अंगावर आणि वर मरियेच्या झग्यात. त्या तिघांचा त्रिकोण होतो आणि दारात उभं राहिलेल्या माणसाची नजर त्याच्या शेंड्याला जाऊन चिकटते. जसजसं पुढे जावं तसतसे खालचे प्रेषित अंगावर यायला लागतात. ते बऱ्याच मोठ्या मापाचे आहेत. सतराव्या शतकातला चरित्रकार रिदोल्फी सांगतो की काम चालू असताना बंधू सारखे येऊन कुरकुरायचे, प्रेषित फार थोराड झालेत म्हणून. आणि आकृती जागेच्या मानाने असाव्या लागतात, हे टिशियनला परत परत समजावावं लागायचं. पुढे सम्राटाच्या वकिलाने ते चित्र विकत मागितलं, तेव्हा कुठे बंधूंना आपल्याकडे काय आहे ते कळलं, असंही तो लिहितो. गिऱ्हाईक आलं की किंमत कळते, हे साधूंनाही चुकलेलं नाही.

2022मध्ये या चित्राची चार वर्षं चाललेली दुरुस्ती संपली, त्यामुळे आत्ता ते अगदी लख्ख आहे. मैत्रीण पुढच्या बाकावर बसून होती. "पंधरा ऑगस्टला आमच्याकडे सकाळी झेंडावंदन आणि मग हिची मिस्सा," ती म्हणाली. स्वर्गोन्नयनाचा सण त्याच दिवशी येतो. मी उभी राहून त्रिकोण मोजत होते, ती बसून वर बघत होती, आणि टिशियनने आकृत्यांची मापं ठरवली ती तिच्यासारख्यांसाठी, माझ्यासारख्यांसाठी नाही, एवढं मला मान्य करावं लागलं.

डावीकडच्या बाजूच्या भिंतीवर टिशियनचंच दुसरं चित्र आहे, पेसारो घराण्याचं. खरं म्हणजे फ्रारीत मला सर्वांत जास्त वेळ इथे लागला, कारण या चित्रामागे चक्क भाऊबंदकी आहे. जाकोपो पेसारो हा पाफोसचा बिशप. 1502 साली पोपच्या आरमाराचा सेनापती म्हणून त्याने तुर्कांकडून सांता माउरा, म्हणजे आजचं ग्रीसमधलं लेफकाडा बेट, घेतलं. त्याच मोहिमेत व्हेनिसच्या आरमाराचा सेनापती होता त्याचाच भाऊबंद बेनेदेत्तो पेसारो. विजय कोणाचा, यावर दोघांचा वाद. बेनेदेत्तो 1503 साली वारला आणि त्याचं स्मारक फ्रारीच्या साक्रिस्टीच्या, म्हणजे फादर लोक मिस्सेआधी झगे चढवतात त्या आतल्या खोलीच्या, दारावर उभं राहिलं, विजयकमानीसारखं, जिंकलेल्या किल्ल्यांच्या शिल्पांसकट. मग जाकोपोने समोरच्या बाजूला वेदी घेतली आणि 1519 साली टिशियनला बोलावलं. चित्र पूर्ण झालं 1526 साली. त्यात जाकोपो स्वतः गुडघे टेकून बसला आहे, मागे पोपचं निशाण फडकतंय, आणि निशाणाजवळ एक फेटेवाला तुर्क कैदी उभा. म्हणजे निकाल लावूनच टाकला. गंमत अशी की ज्या बेटावरून एवढं भांडण, ते जिंकल्याच्या पुढच्याच वर्षी तहात तुर्कांना परत गेलं होतं.

पण चित्र म्हणून बघावं तर ते भांडणाच्या फार वर आहे. तोवर अशा चित्रांत मरिया मधोमध बसायची आणि दोन्ही बाजूंना संत सारख्या संख्येने. टिशियनने तिला उचलून उजवीकडे, पायऱ्यांवर उंच बसवलं. मधल्या पायरीवर संत पेत्र, पायाशी त्याची किल्ली. हे सगळं तिरकं का, ते समोर उभं राहून कळत नाही. दारापासून डाव्या बाजूने, खांबांच्या ओळीतून चालत या. चित्र तुम्हाला आधी तिरकंच दिसतं, आणि तिरकं बघताना ते बरोबर बसतं. वर गेलेले दोन प्रचंड रंगवलेले खांब देवळाच्या दगडी खांबांच्याच रांगेतले वाटतात. मी तीन वेळा दारापर्यंत जाऊन परत आले, तेव्हा तिथला रखवालदार माझ्याकडे संशयाने बघू लागला.

उजव्या कोपऱ्यात पेसारो घराण्यातले पुरुष गुडघे टेकून ओळीने बसलेत, सगळे बाजूने दिसणारे, गंभीर. त्यांच्यातला एक पोरगा तेवढा मान वळवून आपल्याकडे बघतोय. पांढऱ्या चकाकत्या सॅटिनचा अंगरखा घातलेला. "मिस्सा लांबली की आमचा धाकटा असाच मागे वळून बघायचा," मैत्रिणीने निदान केलं.

आत साक्रिस्टीत पेसारोंच्या दुसऱ्या शाखेचं चित्र आहे. ते जोव्हानी बेलिनीचं, 1488चं. फ्रांचेस्कीना पेसारो या आईच्या आठवणीसाठी निकोलो, मार्को आणि बेनेदेत्तो या तीन मुलांनी करून घेतलेलं. हा बेनेदेत्तो तोच, दारावरचा. मधल्या फळीवर मरिया आणि बाळ, दोन्ही बाजूंना दोन दोन संत: निकोलस, पेत्र, मार्क, बेनेडिक्ट. तीन मुलांच्या नावांचे तीन आणि त्यांच्या वडिलांच्या, पिएत्रोच्या, नावाचा चौथा. अख्खं कुटुंब संतांच्या आडून हजर.

हे चित्र ज्या चौकटीत लागलं त्याच चौकटीत, त्याच भिंतीवर अजून आहे. लाकडी चौकटीला कोरलेले सोनेरी खांब आहेत, आणि चित्राच्या आत बेलिनीने त्यांच्या मागे तसेच खांब रंगवलेत. लाकूड कुठे संपलं आणि रंग कुठे सुरू झाला, ते हाताने चाचपून बघावंसं वाटतं. अर्थात तसं करू देत नाहीत. मरियेच्या मागे सोनेरी मोझॅइकचा अर्धगोल घुमट, तोही रंगवलेलाच. खाली दोन चिमुकले देवदूत, एक ल्यूट छेडणारा, एक बासरी फुंकणारा. बेनेडिक्ट पुस्तक उघडून थेट आपल्याकडे बघतो, आणि त्याची नजर काही प्रेमळ नाही.

बाकीचं भराभर सांगते. शिल्पकार दोनातेल्लोचा लाकडी योहान बाप्तिस्ता, 1438चा, हाडं निघालेला, उपाशी. व्हेनिसमध्ये दोनातेल्लोचं एवढंच एक काम आहे, चुकवू नका. टिशियनचं स्वतःचं स्मारक एकोणिसाव्या शतकातलं, अवाढव्य आणि थंड. समोर शिल्पकार कानोव्हाच्या स्मारकाचा पिरॅमिड, जो मुळात कानोव्हाने टिशियनसाठीच आखला होता. संगीतकार मोंतेव्हेर्दीही इथेच पुरलेला आहे. शेजारची सान रोक्कोची वास्तू तिंतोरेत्तो या चित्रकाराने भिंतीपासून छतापर्यंत भरून टाकली आहे. ती त्याच दिवशी करू नका. आम्ही केली, पण त्याविषयी मला काहीही आठवत नाही.

मंगळवार

आज अकादेमिया, म्हणजे म्युझियम. देवळातली चित्रं म्युझियममध्ये कशी दिसतात ते ताडून बघायला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं आणि मग मठ बंद होत गेले, देवळं मोडली गेली, चित्रं उतरवली गेली. काही पॅरिसला गेली, काही इथे आली. 'आस्सुंता'सुद्धा 1816 साली इथे आणून लावलं होतं. शंभरेक वर्षं ते म्युझियमचं चित्र होतं. पहिल्या महायुद्धात सुरक्षित जागी हलवलं आणि युद्धानंतर, 1919 साली, पुन्हा फ्रारीच्या वेदीवर चढवलं. म्युझियमच्या तोंडातून परत आलेलं चित्र विरळाच.

परत न गेलेल्यांत बेलिनीचं सान जोब्बे या देवळातलं चित्र आहे. 1480च्या दशकातलं. मरिया उंच सिंहासनावर, पायाशी तीन वादक देवदूत, बाजूला सहा संत. त्यांत ईयोब आणि अंगात बाण घुसलेला सेबॅस्टियन, दोघंही रोगराईत धावून येणारे. एवढं मोठं चित्र इतक्या जवळून, इतक्या छान उजेडात बघायला मिळतं, बोटांची नखं दिसतात, याबद्दल म्युझियमचे आभारच मानले पाहिजेत. तरी काहीतरी बिनसलेलं आहे. चित्रातल्या छताचे चौकोन आपण खालून, बरंच खालून बघतोय अशा बेताने रंगवलेत. इथे ते नुसतेच वर लटकतात. चित्राच्या कडेचे रंगवलेले खांब बाहेरच्या कुठल्या तरी खांबांना जोडायला निघालेत आणि बाहेर नुसती भिंत आहे. मी उद्यासाठी एक टिपण करून ठेवलं.

टिशियनचं शेवटचं चित्र, 'पिएता', म्हणजे मरियेच्या मांडीवर मेलेला येशू, इथेच आहे. आपल्याला फ्रारीत पुरावं म्हणून तो ते करत होता. 1576च्या प्लेगच्या साथीत तो गेला, मुलगा ओराझिओही त्याच साथीत गेला. अपुरं काम धाकटा पाल्मा या चित्रकाराने पुरं केलं आणि तसं चित्रावर लिहूनही ठेवलं. टिशियनला फ्रारीत जागा मिळाली, त्याचं चित्र मात्र आज इथे आहे. खालच्या कोपऱ्यात एक छोटीशी पाटी टेकवून ठेवलेली रंगवली आहे, नवसाची असते तशी. तिच्यावर बाप आणि मुलगा हात जोडून बसलेत. मैत्रीण तिथे थबकली. नवसाची पाटी तिला ओळखीची होती.

म्युझियमवरचा माझा राग निवळला तो एका खोलीत. अकादेमियाची इमारत ही मुळात एका जुन्या धर्मबांधवांच्या संस्थेची, आणि त्यांच्या सभेच्या खोलीत टिशियनने 1530च्या दशकात रंगवलेलं छोट्या मरियेचं मंदिरप्रवेशाचं चित्र अजून त्याच भिंतीवर आहे. भिंतीत दारं असल्यामुळे चित्राला खालून दारापुरते काप दिलेले. डावीकडून गर्दी, उजवीकडे पायऱ्या, पायऱ्यांवर एकटीच चालत निघालेली निळ्या कपड्यातली पोर. पायऱ्यांच्या बाजूला एक म्हातारी अंड्यांची टोपली घेऊन बसली आहे आणि तिला या सगळ्याशी काही देणंघेणं नाही.

दुपारी कालव्यावर तात्पुरता पूल दिसला. सालूतेच्या सणासाठी दरवर्षी बांधतात, लोकांना पायी पलीकडे जाता यावं म्हणून. सालूतेच्या साक्रिस्टीच्या छतावर टिशियनची तीन चित्रं आहेत: काइन आणि हाबेल, अब्राहाम आणि इसहाक, दावीद आणि गल्याथ. मान मोडून बघावी लागतात आणि तशीच बघायची आहेत, तंगड्या आणि कोपर थेट डोक्यावर येतात. पण हीसुद्धा इथली नव्हेत. लगूनमधल्या एका बेटावरच्या मठासाठी केलेली, तो बंद झाल्यावर इथे आली. नेपोलियनच्या कितीतरी आधी. चित्र जिथलं तिथेच पाहिजे, या माझ्या सिद्धांताला पहिला तडा इथे गेला, पण मी तो मैत्रिणीला दाखवला नाही.

बुधवार

सकाळी सान जोब्बेला गेलो. शहराच्या रेल्वेकडच्या टोकाला, पर्यटक सहसा फिरकत नाहीत अशा भागात. कालच्या चित्राची दगडी चौकट अजून इथे आहे. कोरीव खांब, वर कमान. काल पाहिलेले रंगवलेले खांब डोक्यात होते, ते या खांबांच्या मागे ठेवून बघितले आणि लगेच बसले. चौकट जमिनीपासून चांगली उंच आहे, म्हणून ते छताचे चौकोन तसे. भिंतीत एक खोल कोनाडा असल्याचा भास व्हावा अशी ती योजना होती. अर्धं नाटक इथे राहिलंय आणि अर्धं अकादेमियात. मैत्रीण म्हणाली, "मग परत का नाही आणून लावत?" ओल, चोरी, विमा, असं काहीबाही मी सांगितलं.

चोरीचं उत्तर दुपारी समोरच आलं. मादोन्ना देल ओर्तो हे तिंतोरेत्तोच्या मोहल्ल्यातलं देऊळ. त्याचं घर जवळच आहे आणि 1594 साली तो याच देवळात पुरला गेला. डावीकडच्या पहिल्या कोनाड्यात बेलिनीची एक लहानशी मरिया होती. 1993 साली ती चोरीला गेली, अजून सापडलेली नाही. जागेवर तिचा फोटो लावून ठेवलाय. एवढ्या मोठ्या देवळात मला सगळ्यांत जास्त राग त्या फोटोचा आला, आणि चित्रं कुलपात ठेवणाऱ्यांची बाजूही तिथेच कळली.

वेदीच्या दोन बाजूंना तिंतोरेत्तोची दोन चित्रं, प्रत्येकी साडेचौदा मीटरच्या आसपास उंच. एकात शेवटचा न्याय, एकात सोन्याचं वासरू. गल्लीसारख्या अरुंद जागेत एवढी उंच चित्रं, मागे सरायला वावच नाही. शेवटच्या न्यायात पाण्याचा लोंढा माणसांना वाहून नेतोय आणि कवट्यांतून, मातीतून माणसं परत उगवताहेत. पाण्याच्या शहरात असा लोंढा रंगवायला छाती लागते. रिदोल्फी म्हणतो की ही दोन्ही त्याने जवळपास रंगा-कापडाच्या खर्चात करून दिली. मला ती भारावून टाकतात, पण आवडत नाहीत. तिंतोरेत्तो फार ओरडतो.

आवडलं ते त्याचं मरियेचं मंदिरप्रवेशाचं चित्र. विषय कालचाच. पण टिशियनने पायऱ्या बाजूने दाखवल्या, आणि तिंतोरेत्तोने आपल्याला पायऱ्यांच्या तळाशी उभं केलं. सोनेरी नक्षीच्या पायऱ्या वर चढत गेलेल्या, आणि अगदी वर, आकाशासमोर, बोटभर उंचीची ती पोर. खाली एक आई आपल्या मुलीला हात करून दाखवतेय, ती बघ. हे चित्र मुळात ऑर्गनच्या दारांवर बाहेरून रंगवलेलं होतं, म्हणजे उंचावर. वर बघायची सक्तीच.

वाटेत एका बारमध्ये वाळवलेल्या कॉडचा लोण्यासारखा घोटलेला लगदा पावावर घालून मिळाला. सुक्या मासळीच्या गावची माझी मैत्रीण तीन खाऊन म्हणाली, "वास कुठे गेला याचा?"

संध्याकाळी सान झक्कारिया. जोगिणींचं जुनं श्रीमंत देऊळ. तळघरात बारा महिने पाणी साचलेलं असतं आणि त्यात कमानींची प्रतिबिंबं दिसतात. पण आलो होतो बेलिनीच्या 1505च्या चित्रासाठी. डावीकडच्या भिंतीवर, पाच मीटर उंच. आधी काहीच दिसत नाही. बाजूला डबा आहे, नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. त्यामुळे समोर कायम सात-आठ माणसं उभी असतात, प्रत्येक जण दुसरा कधी नाणं टाकतो याची वाट बघत. आम्ही टाकलं. अचानक सगळे आमच्याकडे सरकले.

दिवा लागला आणि मी फ्रारीतलं बरंचसं विसरले. मधोमध मरिया, डावीकडे पेत्र आणि कॅथरीन, उजवीकडे लूसी आणि लाल झग्यात वाचत उभा असलेला जेरोम. पायरीवर एक देवदूत वाद्य वाजवतोय. कोणीही कोणाकडे बघत नाही. सगळे एकच गाणं ऐकताहेत आणि ज्याचं त्याचं आपापलं चाललंय. डावीकडून उजेड येतो, कडेला चित्रातच बाहेरची झाडं आणि आकाशाची फट दिसते, वर छतापासून शहामृगाचं अंडं टांगलंय. बेलिनी तेव्हा सत्तरीच्या आसपास असावा. दुसऱ्याच वर्षी जर्मन चित्रकार ड्यूररने व्हेनिसहून मित्राला पत्रात कळवलं की म्हातारा फार थकलाय, पण चित्रकलेत अजूनही तोच सगळ्यांत पुढे. हे चित्रसुद्धा पॅरिसला जाऊन आलंय. तिथे ते लाकडावरून काढून कापडावर चढवलं गेलं, वरखाली थोडं छाटलंही गेलं. तरी परत येऊन आपल्या दगडी चौकटीत बसलं, आणि चित्रातले खांब पुन्हा बाहेरच्या खांबांना जुळले.

दिवा विझला. एक जपानी गृहस्थ पुढे झाले, नाणं टाकलं. या वेळी आम्ही सरकलो.

गुरुवार

सालूतेचा सण. 1630-31च्या प्लेगमध्ये शहरातली जवळपास तिसरा हिस्सा माणसं मेली. मधेच व्हेनिसने नवस बोलला की साथ सरली तर मरियेला देऊळ बांधू. ते हे सांता मारिया देल्ला सालूते. अजूनही दर 21 नोव्हेंबरला अख्खं शहर पायी येऊन मेणबत्ती लावून जातं. शाळेची पोरं, बँकेतले लोक, फरकोटातल्या आज्या, बाबागाडीतली बाळं. व्हेनिसमध्ये व्हेनिसची माणसं एवढ्या संख्येने मी पहिल्यांदाच पाहिली. बाकी दिवस ती कुठे असतात कोण जाणे. बाहेर फुगे, तळलेले गोड वडे, साखरेचा धूर.

पूल ओलांडून आम्ही रांगेत लागलो. मेणबत्त्या आपण लावायच्या नाहीत. आत गेल्यावर हाती द्यायच्या, तिथली माणसं त्या भराभर पेटवून उभ्या करतात आणि पुढच्यांसाठी जागा करतात. कालपरवाच्या ओसाड देवळांनंतर ती रेटारेटी मला जरा जडच गेली. मैत्रीण खुशीत होती. तिच्या देवळाचा सण असाच असतो म्हणाली, फक्त इथे बँड नाही.

मुख्य वेदीवर, संगमरवरी शिल्पांच्या प्रचंड पसाऱ्यात, मरियेची एक काळसर लहानशी प्रतिमा आहे. बायझंटाईन पद्धतीची, सपाट, ना उजेडाचा खेळ ना खांबांची जुळणी. ती क्रीट बेटावरची. बेट तुर्कांच्या हाती गेलं, तेव्हा व्हेनिसवाले निघताना तिला घेऊन आले आणि 1670 साली इथे बसवलं. टिशियन साक्रिस्टीत आहे, तिकडे आज कुणी बघत नव्हतं. सगळी गर्दी हिच्यासाठी.

मी चार दिवस मैत्रिणीला पटवत आले होते की चित्र जिथलं तिथेच पाहिजे. मेणबत्ती देता देता ती वळून म्हणाली, "आणि हिला कुठे परत पाठवशील?"

मागच्या आजीने माझ्या पाठीत कोपर मारलं. आम्ही पुढे सरकलो आणि बाजूच्या दाराने बाहेर पडून कास्त्रादिना शोधायला गेलो. धुरावलेलं मटण आणि कोबीचं हे कालवण फक्त या सणाच्या दिवसांत मिळतं, आणि तिसऱ्या खाणावळीत एका माणसापुरतंच उरलं होतं. तिने खाल्लं.